डॉ. वि. मा. घाटगे : शिकणाऱ्यांसाठी विमान बांधणारा माणूस

सुट्टीत मी घरी जातो तेव्हा मनीमाजऱ्यात उतरतो. चंदीगडच्या कडेला असलेले हे जुने गाव. एका बाजूला पडका किल्ला आणि दुसऱ्या बाजूला मोटार मार्केट. या मार्केटमध्ये दिवसभर गाड्यांचे इंजिन उघडलेले असते, हातोड्यांचा आवाज चालू असतो आणि रस्त्यावर ऑइलचे काळे डाग पडलेले असतात. त्याच्या मागच्या गल्लीत आम्ही भाड्याने राहतो. डोक्यावरून एएन-३२ विमाने जातात आणि कधी कधी दोन पंख्यांचे चिनूक हेलिकॉप्टर जाते तेव्हा खिडकीच्या काचा थरथरतात.

माझे बाबा हवाई दलात आहेत. शाळेत पहिल्या वर्षी कोणी विचारले, तर मी एवढेच सांगत असे आणि गप्प बसत असे. ऐकणारा मनातल्या मनात त्यांना वैमानिक करून टाकत असे आणि मी ते दुरुस्त करत नसे. खरे म्हणजे बाबा एअरफ्रेम फिटर आहेत. विमानाचा सांगाडा, पत्रे, रिव्हेट, चाकांचे पाय, हायड्रॉलिकच्या नळ्या हे त्यांचे काम. ते कधी विमान चालवत नाहीत.

मागच्या सुट्टीत आम्ही सेक्टर १८ मधले हवाई दलाचे वारसा संग्रहालय पाहायला गेलो. मुले सिम्युलेटरच्या रांगेत उभी होती. बाबा मात्र नॅट या छोट्या लढाऊ विमानाजवळ गेले आणि वाकून त्याच्या पोटाखाली बघू लागले. मला थोडी लाज वाटली, कारण लोक बघत होते. मग त्यांनी मलाही वाकायला लावले आणि चाकांची झाकणे दाखवली. नॅटला वेग कमी करण्यासाठी वेगळे एअरब्रेक नाहीत. चाके अर्धवट खाली सोडली की त्यांची झाकणेच हवेत आडवी येतात आणि ब्रेकचे काम करतात. एका भागाकडून दोन कामे करून घेतली, म्हणून वजन वाचले. नॅटच्या पंखांचा एकूण पसारा पावणेसात मीटरच्या आसपास आहे. इतक्या लहान विमानात प्रत्येक किलोचा हिशेब असतो.

मी विचारले की असले कोणाला सुचते. बाबा म्हणाले, नॅट इंग्लंडमध्ये सुचले, पण आपल्या देशातही असा विचार करणारी माणसे होती आणि त्यांतले एक आपल्या गडहिंग्लज तालुक्यातले होते. गाव हसूरचंपू. माझ्या आजीच्या गावाहून तिकडे एसटी जाते. मी त्या रस्त्याने कितीतरी वेळा गेलो आहे, पण हे नाव मी कधीच ऐकले नव्हते. शाळेत परत आल्यावर मी शोधायला लागलो. जे समजले ते या पानावर लिहीत आहे.

विष्णू माधव घाटगे यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ रोजी हसूरचंपू येथे झाला. तेव्हा कोल्हापूरच्या गादीवर राजर्षी शाहू महाराज होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विल्बर राईट यांनी फ्रान्समध्ये पहिल्यांदा लोकांसमोर उड्डाण करून दाखवले होते. म्हणजे आपल्या भागात बैलगाडी हेच मोठे वाहन होते, त्या वर्षी जगाला विमान खरोखर उडते हे पटत होते. हिरण्यकेशीच्या खोऱ्यातल्या त्या मुलाने पुढे विमाने बांधावीत, असे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही आले नसेल.

घाटगे यांनी मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. मिळवली आणि नंतर ते जर्मनीतल्या गटिंगेन विद्यापीठात गेले. तिथे त्यांचे गुरू होते लुडविग प्रांटल. मित्रांनो, विमानाच्या शास्त्रात प्रांटल यांचे नाव फार मोठे आहे. १९०४ मध्ये त्यांनी सीमास्तराची कल्पना मांडली. पंखावरून हवा वाहते तेव्हा पंखाला अगदी चिकटून असलेला हवेचा थर जवळजवळ थांबलेला असतो, आणि त्याच्यापासून जरा वर गेले की हवा पूर्ण वेगाने वाहते. या दोन्हींच्या मधला जो पातळ थर तो सीमास्तर. विमानाला मागे ओढणारा हवेचा बराचसा विरोध या थरात तयार होतो. पंख फार वर उचलला, तर हा थर पंखावरून सुटतो, पंखाची उचल एकदम कमी होते आणि विमान स्टॉल होते. इतका पातळ थर की डोळ्यांना दिसत नाही, पण वैमानिकाचे जगणे-मरणे त्यावर अवलंबून असते.

प्रांटल यांच्या हाताखाली घाटगे यांनी १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवली. या तारखा वाचताना मला एक गोष्ट फार आवडली. त्याच विद्यापीठात त्याच सुमारास हान्स फोन ओहाइन नावाचा एक जर्मन तरुण भौतिकशास्त्रात डॉक्टरेट करत होता. त्याने पुढे जेट इंजिन बनवले आणि ते इंजिन लावलेले हाइंकेल १७८ हे जगातले पहिले जेट विमान २७ ऑगस्ट १९३९ रोजी उडाले. जेट युगाची सुरुवात ज्या गावातल्या डोक्यांतून झाली, त्याच गावात आपल्या कोल्हापूरकडचा एक विद्यार्थी हवेचा अभ्यास करत होता.

घाटगे भारतात परतले तेव्हा इथे विमान बांधणारा एकही कारखाना नव्हता. डोक्यात ज्ञान आहे, पण ते वापरायला जागा नाही, अशी ती अवस्था. डिसेंबर १९४० मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या मदतीने बेंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी सुरू केली. दुसरे महायुद्ध चालू होते. सुरुवातीचे काम परदेशी विमाने जोडण्याचे आणि दुरुस्त करण्याचे होते. घाटगे या कारखान्यात आले आणि युद्धकाळातच त्यांनी दहा माणसे बसतील असे एक ग्लायडर आखले. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेले विमान. ते दुसऱ्या विमानाने ओढत न्यायचे आणि वर सोडून द्यायचे. इंजिनाचा जोर नसल्यामुळे त्यात सगळी परीक्षा पंखाच्या आकाराची असते. प्रांटलच्या विद्यार्थ्याने सुरुवात ग्लायडरपासून करावी, हे मला बरोबर वाटते.

१९४२ च्या अखेरीस बेंगळुरूच्याच भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला. तो उभा करण्यात घाटगे यांचा मोठा वाटा होता. काही वर्षे त्यांनी तिथे शिकवले. मला वाटते, ही वर्षे त्यांच्या पुढच्या कामासाठी फार महत्त्वाची होती. वर्गात उभे राहून शिकवणाऱ्या माणसाला विद्यार्थी कुठे अडतो हे कळते. तो नेमका कोणत्या ओळीवर गोंधळतो, कोणती चूक सगळेच करतात आणि कोणती चूक एखादाच करतो, हे त्याला समजते. घाटगे यांनी पुढे जी प्रशिक्षण विमाने बांधली, ती याच प्रश्नांची उत्तरे होती.

स्वातंत्र्यानंतर ते कारखान्यात परतले आणि आराखड्याच्या विभागाचे प्रमुख झाले. तेव्हा हवाई दलाचे नवे मुलगे टायगर मॉथ या विमानावर शिकत. ते लाकूड आणि कापडाचे, एकावर एक दोन पंखांचे, उघड्या कॉकपिटचे विमान. त्याची जागा घेण्यासाठी घाटगे यांच्या तुकडीने एचटी-२ बनवले. हे पूर्ण धातूचे विमान. एकच पंख, तोही खालच्या बाजूला, वर बंद काचेची कॅनपी आणि एकामागे एक दोन सीटा. त्याचे पहिले उड्डाण ऑगस्ट १९५१ मध्ये झाले. भारतात आखलेले आणि भारतात बांधलेले, हवाई दलात मोठ्या संख्येने दाखल झालेले हे पहिले विमान. दीडशेहून जास्त एचटी-२ बांधली गेली आणि १९५९ मध्ये त्यांतली काही घाना देशाच्या हवाई दलाला दिली गेली. स्वातंत्र्य मिळून चारच वर्षे झाली होती तेव्हा त्याने पहिली भरारी घेतली, हे लक्षात घेतले की या कामाची किंमत कळते.

त्यानंतर त्यांच्या विभागातून १९५८ मध्ये फ्लाइंग क्लबसाठी पुष्पक आणि १९५९ मध्ये सेनेच्या टेहळणीसाठी कृषक ही छोटी विमाने आली. पण तोपर्यंत जग जेटच्या मागे लागले होते.

सुरुवातीच्या जेट विमानांचे आकार पाहिले की गंमत वाटते. हवाई दलाचे पहिले जेट विमान व्हॅम्पायर, ते १९४८ मध्ये आले आणि पुढे बेंगळुरूच्या कारखान्यातही बांधले गेले. त्याला नेहमीसारखी शेपटी नाही. मधे एक आखूड अंड्यासारखे शरीर आणि पंखांपासून मागे गेलेल्या दोन काठ्या, त्यांच्यावर शेपटी. असे का? तेव्हाच्या जेट इंजिनांचा जोर कमी होता आणि लांब नळीतून गरम वायू बाहेर सोडला तर तो जोर आणखी वाया जात असे. म्हणून नळी आखूड ठेवली आणि शेपटी बाजूच्या काठ्यांवर नेली. शिवाय इतक्या आधुनिक इंजिनाच्या या विमानाचा पुढचा भाग मात्र लाकडाचा होता! जुन्या ज्ञानातून नव्याकडे जाताना असे होते. प्रत्येक विचित्र आकारामागे एक अडचण लपलेली असते, आणि ती सापडली की तो आकार विचित्र वाटत नाही.

आपल्या देशातही असे एक विमान तयार झाले. १९५६ मध्ये जर्मनीचे प्रसिद्ध विमान अभियंते कुर्ट टँक बेंगळुरूला आले. त्यांनी आणि भारतीय अभियंत्यांनी मिळून एचएफ-२४ मरुत हे लढाऊ जेट विमान आखले. मरुतचे पंख मागे झुकलेले आहेत आणि त्याची कंबर बारीक आहे. आवाजाच्या वेगाजवळ गेल्यावर हवेचा विरोध एकदम वाढतो. नाकापासून शेपटीपर्यंत विमानाची जाडी अचानक न वाढता हळूहळू वाढली आणि हळूहळू कमी झाली, तर तो विरोध कमी होतो. जिथे पंख सुरू होतात तिथे जाडी वाढते, म्हणून तिथे शरीर आवळायचे. अमेरिकेतल्या रिचर्ड व्हिटकॉम्ब यांनी हा नियम मांडला होता आणि मरुतमध्ये तो वापरला गेला. विमान बांधण्याआधी त्याच्या पूर्ण आकाराचे लाकडी ग्लायडर बनवून, डकोटाने ओढून वर नेऊन, त्याची चाचणी घेतली गेली. जेटच्या जमान्यात पुन्हा ग्लायडर! जून १९६१ मध्ये मरुत उडाले. १९७१ च्या युद्धात त्याने राजस्थानच्या वाळवंटात चांगले काम केले.

पण मरुतची एक खंत राहिली. ज्या जास्त ताकदीच्या ऑर्फियस इंजिनासाठी ते आखले होते, त्याचे काम इंग्लंडमध्ये मधेच थांबले. शेवटी मरुतला दोन कमी ताकदीची इंजिने लावावी लागली आणि जो वेग मनात धरला होता तो कधीच मिळाला नाही. विमानाचा सांगाडा कितीही उत्तम असला, तरी दुसऱ्याच्या इंजिनावर अवलंबून राहिले की असे होते, हा धडा त्या पिढीने घेतला. बेंगळुरूला त्या काळात स्वतःचे छोटे जेट इंजिन बनवण्याचेही प्रयत्न झाले, पण ते विमानात बसून सेवेत गेले नाही. हा प्रश्न आपल्या देशाला अजूनही सुटलेला नाही, आणि आमच्या वर्गातल्या कोणाला अभियंता व्हायचे असेल, तर त्याच्यासाठी तो तयार आहे.

मरुतची जुळवाजुळव चालू असतानाच हवाई दलापुढे दुसरी अडचण उभी होती. नवा मुलगा एचटी-२ वर शिकत होता, मग हार्वर्डवर जात होता. दोन्ही पंख्याची, पिस्टन इंजिनाची विमाने. मग तो जेटवर जाई. पण जेट इंजिनाची सवय वेगळी असते. पंख्याच्या विमानात थ्रॉटल पुढे ढकलले की जोर लगेच मिळतो. सुरुवातीच्या जेटमध्ये थ्रॉटल ढकलल्यावर इंजिनाची चक्री वेग घेईपर्यंत काही सेकंद जात. विमान उतरताना खाली आले आहे, मुलाला उशिरा कळले आणि त्याने जुन्या सवयीने थ्रॉटल ढकलले, तर तेवढ्या सेकंदात जमीन येऊन भेटते. जेटची सवय पहिल्यापासूनच जेटवर लागली पाहिजे. त्यासाठी साधे, क्षमाशील, पण खरे जेट विमान हवे होते.

एप्रिल १९६१ मध्ये बेंगळुरूला डॉ. घाटगे यांच्या नेतृत्वाखाली त्याचा आराखडा सुरू झाला. विमानाचे नाव किरण, कारखान्याच्या भाषेत एचजेटी-१६.

किरणचा फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी खरे सांगतो, निराश झालो. मरुतसारखी बारीक कंबर नाही आणि झुकलेले पंख नाहीत. पंख सरळ, नाक रुंद आणि शरीर जरा गोलमटोल. वेग ताशी सातशे किलोमीटरच्या आसपास. ज्या वर्षी किरणचे काम सुरू झाले, त्याच वर्षी मरुत उडाले होते. सगळे जग आवाजाच्या दुप्पट वेगाची भाषा बोलत होते. अशा वेळी मुद्दाम सरळ पंखांचे हळू विमान आखायचे, हे मला उलटे वाटले. मग मी बाबांना फोन केला. माझा जन्म झाला तेव्हा बाबा हकीमपेठला किरणवरच काम करत होते. त्यांनी एकेक गोष्ट समजावली.

पंख सरळ, कारण सरळ पंखाची उचल कमी वेगातही टिकते आणि स्टॉल होण्याआधी तो थरथरून इशारा देतो. मागे झुकलेला पंख जास्त वेगासाठी उत्तम, पण कमी वेगात तो लवकर आणि टोकाकडून साथ सोडू शकतो. शिकणारा मुलगा उतरताना वेग कमी करणारच आणि कधीतरी जरुरीपेक्षा जास्त कमी करणार. सरळ पंख त्याला ती चूक सुधारायला वेळ देतो.

नाक रुंद, कारण आत दोन सीटा शेजारी शेजारी आहेत. एचटी-२ मध्ये गुरू मागे आणि शिष्य पुढे बसायचा, त्यामुळे गुरूला शिष्याच्या डोक्याची मागची बाजू दिसायची. किरणमध्ये गुरू शेजारी बसतो. शिष्याचा हात स्टिकवर किती घट्ट आवळला आहे, डोळे कोणत्या घड्याळावर अडकले आहेत, चेहऱ्यावर घाम आहे का, हे त्याला दिसते. बोटाने दाखवून शिकवता येते. यासाठी विमान रुंद झाले, हवेचा विरोध वाढला, वेग थोडा गेला. तो वेग घाटगे यांच्या तुकडीने शिकणाऱ्यासाठी सोडून दिला. इंग्लंडचे जेट प्रोव्होस्ट आणि अमेरिकेचे टी-३७ या प्रशिक्षण विमानांतही तोच विचार होता.

हवा आत घेणारी तोंडे शरीराच्या दोन बाजूंना आहेत, म्हणून नाक मोकळे राहिले आणि पुढचे दिसायला बरे झाले. कॉकपिटमध्ये हवेचा दाब राखलेला असतो, म्हणजे उंचावर जाण्याची सवयही इथेच लागते. दोघांनाही इजेक्शन सीट आहे. शिकणाऱ्याचे विमान म्हणून सुरक्षिततेत काटकसर केलेली नाही. इंजिन ब्रिस्टल सिडली कंपनीचे व्हायपर, अडीच हजार पौंड रेट्याचे. हे तेव्हा जेट प्रोव्होस्टमध्ये वापरून झालेले, खात्रीचे इंजिन होते. मरुतचा अनुभव समोर असताना न जन्मलेल्या इंजिनावर विसंबायचे नाही, हे शहाणपण यात दिसते.

४ सप्टेंबर १९६४ रोजी विंग कमांडर सुरंजन दास यांनी किरण पहिल्यांदा उडवले. मरुतचेही चाचणी वैमानिक तेच होते. पुढच्याच महिन्यात, १ ऑक्टोबर १९६४ रोजी, हिंदुस्तान एअरक्राफ्ट आणि दुसरी एक सरकारी विमान कंपनी एकत्र होऊन आजची हिंदुस्तान एअरोनॉटिक्स म्हणजे एचएएल झाली. १९६५ मध्ये घाटगे यांना पद्मश्री मिळाली. पण काम संपले नव्हते. पहिले उड्डाण म्हणजे विमान तयार झाले असे नसते. त्यानंतर चाचण्या, दुरुस्त्या, पुन्हा चाचण्या. हवाई दलाला पहिली किरण विमाने मिळायला मार्च १९६८ उजाडला. आराखड्यापासून जवळजवळ सात वर्षे. पहिल्या प्रयत्नात ड्रिल बरोबर आले नाही म्हणून उस्ताद पुन्हा पुन्हा करायला लावतात तेव्हा आम्ही कुरकुरतो. या सात वर्षांचा विचार केल्यापासून माझी कुरकूर थोडी कमी झाली आहे.

जानेवारी १९७० मध्ये सुरंजन दास मरुतच्या एका चाचणी उड्डाणात गेले. आराखडा करणारा कागदावर रेघ ओढतो आणि त्या रेघेवर विश्वास ठेवून कोणीतरी वर जातो. घाटगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे ओझे रोज वाहिले असणार. आज बेंगळुरूत एका मोठ्या रस्त्याला सुरंजन दास यांचे नाव आहे आणि एचएएलच्या सभागृहाला डॉ. घाटगे यांचे. उडवणारा आणि बांधणारा, दोघेही एकाच शहराच्या लक्षात राहिले.

किरणने पुढे किती वर्षे काम करावे! पहिल्या प्रकारची १९० विमाने झाली. जुलै १९७६ मध्ये जास्त ताकदीचे ऑर्फियस इंजिन बसवलेले किरण मार्क २ उडाले. दुंडिगल, हकीमपेठ, बीदर इथे पिढ्यान्‌पिढ्या वैमानिकांनी पहिले जेट उड्डाण किरणमध्ये केले. १९९६ मध्ये बीदरला सूर्यकिरण हे कसरती पथक तयार झाले. एकाच वेळी नऊ विमाने, एकमेकांच्या पंखाला पंख लावल्यासारखी. ती नऊही विमाने किरण मार्क २ होती. जे विमान नवशिक्याची चूक पोटात घेते, तेच विमान उस्तादाच्या हातात इतके अचूक चालते. २०११ पर्यंत सूर्यकिरण पथक हीच विमाने वापरत होते.

डॉ. घाटगे यांनी ते पथक पाहिले नाही. ६ डिसेंबर १९९१ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने भारतीय विमानविद्या परिषद दरवर्षी पुरस्कार देते. पण आमच्या गडहिंग्लजच्या बाजारात दहा मुलांना विचारले, तर किती जणांना नाव माहीत असेल, याची मला शंका आहे. मी स्वतःच त्या दहांत होतो.

असे का होते याचा मी विचार केला. आपण उडणारा माणूस पाहतो, कारण तो वर असतो. ज्याने उडण्याची सोय केली तो खाली असतो. युद्धात शौर्य गाजवणाऱ्या वैमानिकाला आपण सलाम करतो आणि करायलाच हवा. पण त्याने पहिल्यांदा जेट उतरवताना जी चूक केली, ती ज्याने वर्षानुवर्षे आधी कागदावर ओळखून ठेवली होती, तो माणूस कोणत्याच फोटोत नसतो. घाटगे यांनी सगळ्यात वेगवान विमान बांधले नाही. त्यांनी असे विमान बांधले की ज्यात एक घाबरलेला, वीस-बावीस वर्षांचा मुलगा चुकेल आणि तरीही घरी जेवायला येईल.

त्याच संग्रहालयात कानपूर-१ नावाचे एक जुने छोटे विमान ठेवले आहे. ते बनवणारे हरजिंदर सिंग १९३० मध्ये हवाई सिपाही म्हणून, म्हणजे खालच्या पायरीवर, भरती झाले होते आणि पुढे एअर व्हाइस मार्शल झाले. त्यांचाही हात स्पॅनरवर बसलेला होता.

आता माझ्याबद्दल थोडे, कारण हे पान घरी जाणार आहे. बाबांना हे माहीत नाही की मी शाळेत त्यांच्याबद्दल अर्धेच सांगत असे. फोनवर त्यांनी मला किरणचे पंख समजावले त्या दिवशी मी विचारले, की हकीमपेठला ते नेमके काय करायचे. ते म्हणाले, सकाळी विमान बाहेर काढायच्या आधी तपासायचे, चाकांचे पाय, नळ्या, रिव्हेट, सगळे. मग सर्व्हिसिंगच्या फॉर्मवर सही करायची. ती सही पाहून मुलगा विमानात चढायचा. त्या सहीत चूक झाली असती, तर काय झाले असते हे बाबांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. फोन ठेवल्यावर मी हिशेब केला. रोज दोन-तीन विमाने धरली, तर एवढ्या वर्षांत हजारो सह्या. प्रत्येक सहीमागे एक चढणारा मुलगा.

दिवाळीत आमच्या शाळेचा पालक दिन आहे. बाबा मनीमाजऱ्याहून रेल्वेने येणार आहेत. या वेळी मित्रांशी ओळख करून देताना मी पूर्ण सांगणार आहे. हे माझे बाबा, हवाई दलात एअरफ्रेम फिटर आहेत. किरणवर काम केलेले.